सौम्य प्रेमकथा आणि जागेची अडचण : गिरगावच्या चाळीपासून हिंजवडीपर्यंत

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे शेतीचे गाव राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून झपाट्याने बदलले. परगावाहून आलेले असंख्य तरुण येथे भाड्याच्या सदनिकांत राहतात. रात्री कामावरून परतल्यावर सामान्य माणसांच्या सौम्य प्रेमकथा सांगणाऱ्या जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहणारेही त्यांत आढळतात. या आवडीला परकीय वेड म्हणून बाजूला सारणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ज्या कथेत खलनायक नसतो, अडथळा असतो तो केवळ रोजच्या जगण्याचा, अशा कथेशी मराठी प्रेक्षकाचा परिचय जुना आहे.

राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट १९७० साली आला. त्यावरून बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ हा हिंदी चित्रपट केला. दोन्हींचा विषय एकच : मुंबईतील भरल्या घरात नवदांपत्याला न मिळणारा एकांत. घरातील माणसे वाईट नाहीत. किंबहुना ती प्रेमळ आहेत, हीच खरी पंचाईत. अपुऱ्या जागेत राहिलेल्या प्रेक्षकाला यातील हसू आणि संकोच समजावून सांगावा लागला नाही.

१९७६ च्या ‘छोटी सी बात’मध्ये ही अडचण घराबाहेर, बसथांब्यावर येते. अमोल पालेकरांचा अरुण रोज दिसणाऱ्या प्रभाशी बोलू शकत नाही आणि धीर शिकण्यासाठी त्याला थेट खंडाळा गाठावा लागतो. पालेकर स्वतः पूर्वी बँकेत कारकून होते, हे येथे लक्षात घ्यावे. पुढच्याच वर्षीच्या ‘घरोंदा’त मात्र हाच नट, हेच शहर आणि हीच जागेची टंचाई असूनही बिल्डर पैसे घेऊन पळाल्यावर प्रेमाचे रूपांतर व्यवहारात होते. म्हणजे सौम्यता ही परिस्थितीची देणगी नव्हे. तीच परिस्थिती माणसाला हिशेबीही बनवू शकते. सौम्य कथेला भाबडी म्हणणाऱ्यांनी हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.

जपानमध्ये रुमिको ताकाहाशी यांच्या ‘मेझोन इक्कोकू’ या चित्रकथेने (१९८०-८७) जवळपास हेच केले. तिच्यावरील ९६ भागांची मालिका १९८६ ते १९८८ या काळात प्रसारित झाली. जुनाट भाड्याचे घर, तेथील तरुण विधवा व्यवस्थापिका, तिच्यावर प्रेम करणारा नापास विद्यार्थी आणि त्याच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडणारा शेजारी ही मांडणी चाळीत वाढलेल्या कोणालाही परकी वाटू नये.

सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त (२०१०) जागेचा प्रश्न उरलेला नाही. स्थळ नाकारण्यासाठी पुण्यात आलेली मुलगी एका अनोळखी तरुणाबरोबर दिवसभर हिंडते, बोलते, भांडते, एवढेच कथानक. येथे दुर्मीळ आहे तो मोकळा दिवस. हिंजवडीच्या प्रेक्षकाला खोली स्वतंत्र मिळाली आहे. भिंतीपलीकडे कोण राहते, हे मात्र त्याला अनेकदा ठाऊक नसते. चाळीतल्या जोडप्याला नकोशी झालेली माणसांची वर्दळ तो आता पडद्यावर शोधतो.