फ्रेंच कारखाना, कॅनडाची भट्टी आणि सेऊलची शंका

उत्तर कोरियाच्या बाँबबद्दल आपण इतकं ऐकलंय, की दक्षिण कोरियाचाही एक बाँब होता होता राहिला हे फारसं कुणाच्या गावी नसतं. माझं पीएच.डी.चं काम अणुतंत्रज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात कसं गेलं यावर आहे, आणि त्यात ही १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांची गोष्ट वारंवार समोर येते. मुंबईतलं ट्रॉम्बेसुद्धा तिच्यात आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

सुरुवात १९६८ पासून करू. जानेवारीत उत्तर कोरियाचे ३१ कमांडो सीमा ओलांडून थेट सेऊलमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ पोचले. ते पार्क चुंग-ही यांना मारायला आले होते. दोनच दिवसांनी उत्तर कोरियाने अमेरिकेचं प्युएब्लो हे हेरगिरीचं जहाज खलाशांसकट पकडलं. पार्क यांना वाटलं, आता तरी अमेरिका पलटवार करेल. पण अमेरिका उत्तर कोरियाशी बोलणी करत बसली, आणि पार्क यांनी स्वतःहून काही करू नये म्हणून सायरस व्हान्स यांना सेऊलला धाडलं. त्याच वेळी दक्षिण कोरियाचे सुमारे ५० हजार सैनिक व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बाजूने लढत होते, हे लक्षात घ्या.

पुढच्या वर्षी निक्सन यांनी ग्वाममध्ये जाहीर केलं, की आशियातल्या मित्रांनी आपल्या संरक्षणाचा भार आता मुख्यतः स्वतः उचलावा. १९७१ मध्ये सातवी इन्फंट्री डिव्हिजन कोरियातून परत गेली, म्हणजे सुमारे २० हजार सैनिक कमी झाले. सेऊल सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे, आपल्या पुणे-लोणावळा अंतरापेक्षाही कमी. अशा ठिकाणी बसलेल्या माणसाला "आमचा शब्द कायम आहे" या वाक्याने किती धीर येणार? मला तरी पार्क यांची शंका अगदीच अवाजवी वाटत नाही. ते हुकूमशहा होते आणि १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची सत्ता कायमची करून घेणारी घटना आणली, हे खरंच आहे. पण हुकूमशहाची भीतीही खरी असू शकते.

मग त्यांनी गुपचूप अण्वस्त्रांची तयारी सुरू केली. इथे थोडं रसायनशास्त्र सांगायला हवं, त्याशिवाय भांडण नेमकं कशावरून झालं ते कळत नाही.

भट्टीत युरेनियम-२३८ ला न्यूट्रॉन बसला की त्याचं आधी नेप्च्युनियम आणि काही दिवसांत प्लुटोनियम-२३९ होतं. पण हे प्लुटोनियम वापरलेल्या इंधनाच्या कांड्यांमध्ये अडकलेलं असतं, भयंकर किरणोत्सारी कचऱ्यासोबत. ते वेगळं काढायचं तर कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवायच्या आणि केरोसीनसारख्या द्रवात मिसळलेल्या ट्रायब्युटिल फॉस्फेटने युरेनियम आणि प्लुटोनियम ओढून घ्यायचं. मग प्लुटोनियमचं क्षपण केलं की ते पुन्हा पाण्याच्या थरात उतरतं. बी.एस्सी.ला ज्याने सेपरेटिंग फनेल हलवलाय त्याला तत्त्व लगेच कळेल. फरक इतकाच, की इथे सगळं जाड काँक्रीटच्या भिंतीआड, दुरून करावं लागतं. यालाच पुनर्प्रक्रिया म्हणतात.

आणखी एक बारकावा. इंधन भट्टीत फार काळ राहिलं तर प्लुटोनियम-२४० वाढतं आणि ते बाँबला त्रासदायक असतं. म्हणून नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारी संशोधन भट्टी सोयीची, कारण त्यातलं इंधन लवकर बाहेर काढता येतं. कोरियाने नेमक्या याच दोन गोष्टींसाठी प्रयत्न सुरू केले. फ्रान्सकडून पुनर्प्रक्रियेचा कारखाना, आणि कॅनडाकडून कँडू वीजभट्टीबरोबर एनआरएक्स जातीची संशोधन भट्टी.

एनआरएक्स म्हणजे ट्रॉम्बेच्या सायरसचंच भावंड. सायरस कॅनडाने दिली होती, तिचं जड पाणी अमेरिकेचं होतं, आणि १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला जो स्फोट झाला त्याचं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं होतं. पोखरणने कॅनडाचे हात पोळले. त्यानंतर एनआरएक्स कोरियाला विकण्याची गोष्ट मागे पडली, आणि कँडू हवी असेल तर आधी अण्वस्त्रप्रसारबंदी करार मंजूर करा, असा आग्रह सुरू झाला. कोरियाने १९६८ मध्ये सही करून ठेवली होती, पण करार संसदेत मंजूर केला नव्हता. तो अखेर २३ एप्रिल १९७५ ला पक्का केला. आपल्याकडे पोखरणचा परिणाम म्हटलं की भारतावरच्या निर्बंधांची चर्चा होते. सेऊलमध्ये त्याचा काय परिणाम झाला, हे मला हा विषय हाती घेईपर्यंत कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

करार पक्का झाल्यावर सातच दिवसांनी सायगाव पडलं. अमेरिकेने शब्द दिलेला एक देश नकाशावरून पुसला जात होता. जूनमध्ये पार्क यांनी अमेरिकी पत्रकारांना उघडच सांगितलं, की अमेरिकेची अणुछत्री काढून घेतली तर आम्हाला स्वतःची अण्वस्त्रं बनवावी लागतील. याच सुमारास संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांनी कोरियात अमेरिकेची अण्वस्त्रं आहेत हे जाहीरपणे मान्य केलं. १९५८ पासून ती तिथे होतीच, पण मंत्र्याने असं उघड बोलणं नेहमीचं नव्हतं. ऑगस्टमध्ये श्लेसिंजर स्वतः सेऊलला गेले. छत्री कायम राहील हे त्यांनी सांगितलं, आणि कोरियाने स्वतःचा बाँब बनवायला घेतला तर ही मैत्रीच धोक्यात येईल, हेही सांगितलं.

एवढ्याने काम झालं नाही, कारण फ्रान्सशी करार आधीच झालेला होता. करार आपण मोडणार नाही, कोरियाने मोडला तर हरकत नाही, अशी फ्रेंचांची व्यवहारी भूमिका होती. मग अमेरिकेने खरी कळ दाबली. १९७३ च्या तेलसंकटाने कोरियाचं कंबरडं मोडलं होतं, देशात तेलाचा थेंब नाही, त्यामुळे अणुवीज ही गरज होती. बुसानजवळ कोरी इथे पहिली भट्टी वेस्टिंगहाऊस बांधत होती, दुसरीसाठी अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं कर्ज हवं होतं, आणि समृद्ध युरेनियमही अमेरिकेकडूनच येणार होतं. कर्ज अडलं. कॅनडालाही हात आखडता घ्यायला सांगितलं गेलं. डिसेंबरमध्ये राजदूत रिचर्ड स्नायडर यांनी कोरियन अधिकाऱ्यांना विचारलं, की एका कारखान्यासाठी अमेरिकेशी असलेलं सगळंच नातं पणाला लावायची तयारी आहे का? जानेवारी १९७६ मध्ये कोरियाने फ्रेंच करार सोडून दिला.

हा अमेरिकी मुत्सद्देगिरीचा विजय म्हणून शिकवला जातो. मला तो अर्धाच वाटतो. कारखाना थांबला, पण ज्या शंकेतून तो निघाला होता ती तशीच राहिली. वर्षभरात कार्टर सत्तेवर आले ते कोरियातून सगळं भूदल परत आणण्याचं आश्वासन देऊन! बाँबचा हट्ट सोड म्हणायचं आणि लगेच सैन्य काढायची भाषा करायची, यात सेऊलने काय समजायचं? अमेरिकेतल्याच विरोधामुळे १९७९ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. त्याच ऑक्टोबरमध्ये पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली.

पुढचं थोडक्यात. १९८२ मध्ये कोरियन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत एक ग्रॅमपेक्षाही कमी प्लुटोनियम वेगळं केलं, आणि २००० मध्ये लेझरने सुमारे ०.२ ग्रॅम युरेनियम समृद्ध केलं. दोन्ही गोष्टी २००४ मध्ये उघड झाल्या. बाँबसाठी हे नगण्य आहे, पण हात पूर्ण विसरलेला नव्हता. १९९१ मध्ये अमेरिकेने आपली अण्वस्त्रं कोरियातून काढून घेतली आणि पुढच्याच वर्षी दोन्ही कोरियांनी पुनर्प्रक्रिया आणि समृद्धीकरण करणार नाही, असा संयुक्त जाहीरनामा अमलात आणला. उत्तरेने योंगब्योनमध्ये त्याच नायट्रिक आम्लाच्या वाटेने प्लुटोनियम काढलं आणि २००६ मध्ये पहिली अणुचाचणी केली.

जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल म्हणाले, की परिस्थिती बिघडली तर आम्ही स्वतःची अण्वस्त्रं बनवू शकतो. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये नवा जाहीरनामा झाला. अमेरिकेने अणुविषयक सल्लामसलतीसाठी संयुक्त गट स्थापन करायचं मान्य केलं, कोरियाने करार पाळायचं पुन्हा कबूल केलं. जुलैत अमेरिकेची अण्वस्त्रवाहू पाणबुडी बुसानच्या बंदरात येऊन उभी राहिली. १९७५ चे कागद वाचून झाल्यावर या बातम्या वाचल्या की माणसं तेवढी बदललेली दिसतात.

कोरीची ती पहिली भट्टी १९७८ ते २०१७ अशी चालली आणि कायमची बंद झाली. तिचं वापरलेलं इंधन त्याच आवारात, पाण्याच्या टाक्यांमध्ये साठवलेलं आहे.