मिरचीची रोपवाटिका
मिरचीचे बी थेट शेतात न टोकता आधी गादीवाफ्यावर रोपे तयार करतात. वाफा साधारण 1 मीटर रुंद व 15 सेंमी उंच असतो. त्यात कुजलेले शेणखत मिसळतात. बी 10 सेंमी अंतरावरील ओळींत जेमतेम 1 सेंमी खोल पेरून झारीने पाणी देतात. रोपे 35 ते 45 दिवसांत लावणीला येतात.

पहिला धोका ‘मर’ रोगाचा. पिथियमसारख्या बुरशीमुळे कोवळे खोड जमिनीलगत काळपट, पाणचट होते आणि रोप आडवे पडते. पाणी साचू न देणे हाच यावरचा खरा उपाय. जोडीला बियाण्यास ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळतात.

दुसरा धोका किडींचा. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांमुळे पाने आकसून चुरडामुरडा होतो. पांढरी माशी विषाणूही पसरवते आणि विषाणू शिरलेले रोप बरे होत नाही, म्हणून ते उपटून नष्ट करावे. माशीला रोखण्यासाठी वाफ्यावर बारीक नायलॉन जाळी लावतात. फवारणीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क वापरतात: 5 किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून 100 लिटर द्रावण करतात. त्यातील ॲझाडिरेक्टिन हा कीडनाशक घटक उन्हात लवकर निष्प्रभ होते. म्हणून फवारणी संध्याकाळीच करावी.