अटक व न्यायालयीन नोंदी, बाळकुम

साष्टी बेटावरचे, खाडीकाठचे बाळकुम पोलिसांच्या हिशेबात कापूरबावडी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. खटले ठाणे शहरातील न्यायालयांत चालतात. ‘अमक्याला उचलला’ ही बातमी नाक्यावर आधी पोहोचते, पण शोध कागदावरूनच घ्यावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबर (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळून. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा अथवा आयुक्तालय, पोलीस ठाणे व तारीख निवडून ती पाहता येते. अटक झालेल्यांची नावे-पत्ते पोलीस ठाण्यात लावण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे.

खटल्याचा पुढचा प्रवास ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दिसतो. पक्षकाराच्या नावाने शोधल्यास नामसाधर्म्य हमखास घोटाळा करते. गुन्हा रजिस्टर क्रमांक व वर्ष, किंवा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक हाताशी असावा. दोषारोपपत्र मात्र तिथे मिळत नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरवले. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. अटकेची नोंद म्हणजे दोषसिद्धी नव्हे. निकालाचा रकाना पाहिल्याशिवाय कोणाला गुन्हेगार म्हणू नये.