गळ्यातील साखळी ते हातातील खाऊ : श्वानशिक्षणाचा इतिहास

आमच्या घरी गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू आले, तेव्हा भौतिकशास्त्रातील पीएच.डी. नुकतीच पूर्ण झाली होती आणि कुत्र्यांविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. कोणीतरी सुचवलेला एक प्रशिक्षक आला. त्याने पिशवीतून ओढली की आवळत जाणारी साखळी काढली. पिल्लू पुढे धावले की झटका द्यायचा, एवढाच त्याचा अभ्यासक्रम होता. पंधरा दिवसांत पिल्लू निमूटपणे पायाशी चालू लागले, आणि मी कुरवाळण्यासाठी हात पुढे केला की मान चोरून मागे सरकू लागले. ही पद्धत आली कोठून, याचा शोध मी त्यानंतर घेतला.

तिचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक १९१० साली जर्मनीत निघाले. लेखक कोनराड मोस्ट हे पोलीस व लष्करी कुत्र्यांचे प्रशिक्षक. मोस्ट अडाणी मुळीच नव्हते. कृती आणि तिचा परिणाम यांच्यात क्षणाचेही अंतर नको, हे त्यांनी अचूक हेरले होते. मात्र त्यांच्या पद्धतीत सक्तीला मोठे स्थान होते, आणि नंतरच्या अनेकांनी नेमकी तेवढीच उचलली. अमेरिकेत विल्यम केलर यांचे १९६२ चे पुस्तक याच वळणाचे आहे.

दरम्यान प्रयोगशाळेत वेगळेच काही चालले होते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरे, कुत्रे आणि कोंबडीची पिल्ले कोड्याच्या पेटीत कोंडून पाहिली. खिट्टी सापडली की दार उघडते, बाहेर अन्न मिळते. प्राण्यांना हे एकाएकी ‘सुचत’ नाही. ज्या हालचालीनंतर समाधान मिळते, ती हळूहळू पक्की होते. संगणकाला खेळ शिकवणारे आजचे ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ याच विचाराच्या कुळातले. त्यासाठी अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

थॉर्नडाइकांचा धागा बी. एफ. स्किनर यांनी पुढे नेला. दुसऱ्या महायुद्धात ते कबुतरांना क्षेपणास्त्राचा मार्ग राखायला शिकवत होते. ती कबुतरे युद्धात उतरलीच नाहीत, पण अवघड वर्तन लहान लहान टप्प्यांनी घडवता येते, हे त्या कामात हाती लागले. डिसेंबर १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी प्राणी शिकवण्याची रीत लिहिली. दाबल्यावर ‘टिक्’ वाजणारे पत्र्याचे खेळणे घ्यावे, प्रत्येक आवाजामागोमाग खाऊ द्यावा, आणि मग हव्या त्या हालचालीच्या नेमक्या क्षणी तो आवाज करावा. आज दुकानात मिळणाऱ्या क्लिकरची सारी कल्पना त्या लेखात आहे. तरीही ती घरोघरी पोहोचायला चार दशके लागली. कॅरन प्रायर यांनी हवाईमध्ये डॉल्फिनांवर हेच तंत्र वापरले होते. गळ्यात साखळी घालता येत नाही आणि रागावलो तर पोहत निघून जातो, असा विद्यार्थी असल्यावर शिक्षकाला दुसरा मार्गच उरत नाही! त्यांचे १९८४ चे पुस्तक कुत्रेवाल्यांनी मनावर घेतले.

खाऊने काहीही शिकवता येते, असा समज मात्र करून घेऊ नये. स्किनर यांचेच विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४७ मध्ये प्राणी शिकवण्याचा व्यवसाय थाटला. १९६१ साली त्यांनी आपल्या फसलेल्या प्रयत्नांवर एक प्रांजळ निबंध लिहिला. नाणे डब्यात टाकायला शिकलेले रॅकून, दोन नाणी दिल्यावर ती सोडीचना, एकमेकांवर घासत बसे. डुक्कर लाकडी नाणे डब्याकडे नेता नेता वाटेतच टाकी आणि नाकाने उकरू लागे. खाऊ उशिरा मिळत होता, तरीही! प्रत्येक प्राणी आपल्या जातीचा इतिहास बरोबर घेऊन येतो, हे त्यातून दिसले.

गोल्डनचा तो इतिहास कागदावर आहे. रशियन सर्कशीतील शिकवलेल्या कुत्र्यांपासून ही जात निघाली, अशी कथा दीर्घकाळ सांगितली जाई. हे कुत्रे इतके लवकर शिकतात म्हटल्यावर ती पटायचीही. १९५२ मध्ये स्कॉटलंडमधील लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या नोंदवह्यांचा तपशील प्रसिद्ध झाला आणि सर्कस निकालात निघाली. १८६८ साली त्यांनी ‘नूस’ हा पिवळा रिट्रीव्हर आणि ‘बेल’ ही ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली होती. हवा होता पाण्यात पडलेला पक्षी न चावता मालकाच्या हाती आणून देणारा कुत्रा. आमचा कुत्रा माझी चप्पल ओली, पण शाबूत आणून देतो, त्याचे श्रेय माझ्या शिकवण्याला नाही.

शिक्षेने कामच होत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. आमचे पिल्लू पंधरा दिवसांत शिकलेच होते. प्रश्न किमतीचा आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली प्रशिक्षणवर्गांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे शिक्षेचा वापर अधिक होता, तेथील कुत्र्यांत तणावाच्या खुणा अधिक होत्या आणि प्रशिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसॉलही अधिक वाढले होते.

त्याच वर्षी आपल्याकडील ‘आयसर’ कोलकाताच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाचे काम आले. त्यांनी आपल्या रस्त्यांवरील १६० भटक्या कुत्र्यांपुढे झाकलेली दोन भांडी ठेवून एकाकडे हात दाखवला. जवळपास निम्मे पुढे आलेच नाहीत, कदाचित माणसाचा अनुभव चांगला नसावा. जे आले, त्यांपैकी सुमारे ८० टक्के हाताने दाखवलेल्या भांड्याकडे गेले. त्यांना कोणीही शिकवलेले नव्हते. हा निबंध वाचताना मला आमचे मान चोरणारे पिल्लू आठवले. हात वाचण्याची जी क्षमता रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यातही आढळते, तिच्यात आम्ही पैसे मोजून भीती मिसळली होती.

साखळी आम्ही काढून टाकली. दोरी ताणली की जागीच थांबायचे, सैल झाली की लगेच चालायचे, आणि पायाशी असताना उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायचा. चालणे महिनाभरात सुधारले. हाताची भीती जायला मात्र आठ महिने लागले, आणि अजूनही अनोळखी पुरुषाने वरून हात आणला की तो दचकतो. पिल्लू घरी आणणाऱ्यांनी प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारावे : कुत्रा चुकला, तर तुम्ही नेमके काय करता?