किल्ट : कापड, कारागिरी आणि किमतीचा प्रश्न

प्रस्तावना

वस्त्रांच्या इतिहासाकडे आपल्या विद्यापीठीय अभ्यासात अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. राजकीय घटना, करपद्धती, चळवळी यांवर विपुल लेखन होते. परंतु माणसे काय नेसत होती, ते कोणी विणले, कोणी शिवले आणि त्यासाठी किती मोल दिले गेले, हे प्रश्न सहसा तळटिपांपुरते उरतात. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडमधील किल्ट या वस्त्राच्या संदर्भात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. आज बाजारात शंभर पौंडांच्या आतही किल्ट मिळतो आणि हाताने शिवलेल्या लोकरी किल्टसाठी काही शे पौंड मोजावे लागतात. दोहोंच्या दर्शनी रूपात फारसा फरक नसताना अधिक किंमत देण्याला काही आधार आहे काय? या प्रश्नाला सामान्यतः 'परंपरा' हे उत्तर दिले जाते. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तरीही अधिक किंमत रास्त आहे, आणि तिचे कारण वेगळ्याच ठिकाणी सापडते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

प्राचीनतेचा दावा

किल्टचे पूर्वरूप म्हणजे पट्ट्याने बांधलेला मोठा प्लेड. स्कॉटलंडच्या हायलँड म्हणजे डोंगराळ प्रदेशात सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो वापरात असल्याचे दिसते. त्या काळचे माग अरुंद असल्याने दोन पट्टे लांबीच्या बाजूने जोडून रुंद कापड केले जाई. अंगाभोवती चुण्या घालून कमरेला पट्टा आवळायचा आणि वरचा भाग खांद्यावर घ्यायचा, अशी त्याची रीत होती. त्याला शिलाई जवळजवळ नव्हतीच. रात्री हेच वस्त्र पांघरुणाचे काम करी. धोतर वा लुगडे नेसणाऱ्या समाजाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. वस्त्र अंगावर घडवायचे, ते आधी घडवून अंगावर चढवायचे नाही, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

आजचा किल्ट या प्लेडचा केवळ खालचा अर्धा भाग होय. हा 'छोटा किल्ट' अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. तो टॉमस रॉलिन्सन या इंग्रज क्वेकर लोखंड-उद्योजकाने आपल्या कामगारांच्या सोयीसाठी तयार करविला, असा उल्लेख १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात आहे. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर संपादित 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' (१९८३) या ग्रंथातील आपल्या निबंधात याच पत्राच्या आधारे किल्टच्या प्राचीनतेची खिल्ली उडविली. खालचा भाग स्वतंत्रपणे नेसण्याचा प्रघात रॉलिन्सनच्या आधीही असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. ट्रेव्हर-रोपर यांच्या लेखनात उपहासाचा भाग अंमळ जास्त आहे, हेही खरे. परंतु त्यांचा मुख्य मुद्दा नाकारता येत नाही.

१७४५ चे जॅकोबाइट बंड आणि १६ एप्रिल १७४६ चा कलोडन येथील पराभव यांनंतर ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावर बंदी घातली. पहिल्या अपराधाला सहा महिने कारावास आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. १७८२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तोवर डोंगराळ भागातील सामान्य माणसाची या पोशाखाची सवय बरीचशी मोडली होती. बंदीतून सैनिकांना मात्र वगळले होते. परिणामी ज्या सत्तेने पोशाख दडपला, तिच्याच सैन्यात तो टिकून राहिला. पुढे ऑगस्ट १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी या भेटीची मांडणी केली होती. राजाच्या हायलँड पोशाखाचे, त्यातील शस्त्रे व अलंकारांसह, देयक १,३५४ पौंड १८ शिलिंग झाले. कालपर्यंत दंडनीय असलेले वस्त्र अशा रीतीने दरबारी ठरले. बॅनकबर्न येथील विल्यम विल्सन अँड सन्स या विणकर पेढीने १८१९ मध्ये आपल्या नमुन्यांची वही तयार केली होती. आज 'घराण्यांचे' म्हणून मिरविल्या जाणाऱ्या अनेक टार्टनचा माग अशा व्यापारी नमुन्यांपर्यंतच जातो. १८४२ च्या 'व्हेस्टियारियम स्कॉटिकम' या ग्रंथाने तर बनावट हस्तलिखिताचा आधार दाखवून घराणेवार टार्टनची यादीच पुरविली.

तात्पर्य, 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हणून जो अधिक पैसे मोजतो, तो बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील कल्पनाविलासाचे मोल देत असतो.

लष्कर आणि शिलाई

किल्टला शिवलेल्या वस्त्राचे रूप आले ते मुख्यतः लष्करात. हजारो सैनिकांना रोज जमिनीवर कापड पसरून चुण्या घालत बसणे परवडणारे नव्हते. अठराव्या शतकात जुना झालेला प्लेड कापून त्याचा छोटा किल्ट करण्याची पद्धत हायलँड पलटणींत होती. मोहिमेत वापरून झालेल्या कापडातून दुसरे वस्त्र निघत असे, यावरून त्या कापडाचा कस ध्यानात येतो. निऱ्या कायमच्या शिवलेले जे सर्वांत जुने किल्ट आज उपलब्ध आहेत, ते १७९० च्या दशकातील असून त्यांना सुमारे चार वार कापड लागले आहे. त्यांच्या निऱ्या रुंद व दुमडून समोरासमोर बसविलेल्या आहेत. एकाच दिशेला वळविलेल्या अरुंद निऱ्या गॉर्डन हायलँडर्स या पलटणीने १८५३ मध्ये स्वीकारल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाचे प्रमाण वाढत जाऊन आठ वारांवर आले.

या पलटणींचा महाराष्ट्राशी आलेला संबंध सर्वपरिचित आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध आर्थर वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी व ७८ वी या दोन हायलँड पलटणी होत्या. त्यांतील ७४ व्या पलटणीची अतोनात हानी झाली. दोन्ही पलटणींना पुढे 'असई' अक्षरांसह हत्तीचे सन्मानचिन्ह मिळाले.

पहिल्या महायुद्धात हायलँड सैनिक किल्टवर खाकी आवरण बांधून खंदकांत उभे राहिले. चिखलाने जड झालेल्या, गोठलेल्या कडांनी गुडघ्यांमागची कातडी सोलली जाई आणि निऱ्यांत उवा होत. या वस्त्राचे गोडवे गाताना हेही विसरू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९-४० च्या सुमारास, ते रणांगणावरून मागे घेण्यात आले.

किंमत कशाची?

कापडापासून सुरुवात करू. चांगल्या किल्टसाठी लांब तंतू विंचरून पिळदार कातलेल्या लोकरीचे, व्यापारात १३ ते १६ औंस या मापाने ओळखले जाणारे घट्ट कापड वापरतात. त्याचा काठ मागावरच पक्का विणलेला असतो आणि तोच काठ किल्टची खालची कड होतो. किल्टला खाली दुमड घालून शिवत नाहीत, कारण दुमडीने निरी जाड होते व तिचा झोत बिघडतो. लोकरीला वाफ व उष्णता दिली की घडी धरून ठेवण्याचा गुण असतो. ॲक्रिलिकच्या तंतूला तापलेली इस्त्री सोसत नाही, आणि हलक्या कापडाची निरी चालताना डौलाने न हलता विस्कटते.

आठ वार कशासाठी, हेही पाहण्यासारखे आहे. टार्टनमधील चौकडीचा नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो. पाठीमागे निऱ्या घातल्यावरही हा नमुना अखंड दिसावा असे वाटत असेल, तर प्रत्येक निरीत नमुन्याची एक पूर्ण आवृत्ती दुमडावी लागते. समजा, आवृत्ती ७ इंचांची आहे आणि निऱ्या २८ आहेत. मग निऱ्यांनाच १९६ इंच कापड लागले. त्यात पुढचे दोन पदर व बाजूच्या खोल घड्या मिळविल्या की सात वारांहून अधिक कापड सहज होते. आपल्याकडील नऊवारीत जशी लांबी निऱ्यांतच मुरते, तशीच येथेही. स्वस्त किल्टमध्ये काटकसर प्रथम याच जागी होते. निऱ्या कमी, उथळ आणि नमुना मागे तुटलेला, असा प्रकार दिसतो. समोरून पाहणाऱ्याला तो कळत नाही, हीच विक्रेत्याची सोय.

खरी कसोटी मात्र नितंबापासून कमरेपर्यंतच्या शिलाईत आहे. मागील भागाचे माप नितंबाशी २० इंच व कमरेशी १६ इंच धरल्यास ४ इंचांचा फरक २८ निऱ्यांत वाटावा लागतो. प्रत्येक निरी वर जाताना एक सप्तमांश इंचाने निमुळती झाली पाहिजे, आणि तरीही चौकडीच्या रेषा सरळ राहिल्या पाहिजेत. प्रत्येक निरीत केवळ एक षोडशांश इंचाची चूक झाली, तर एकूण फरक पावणेदोन इंच पडतो. म्हणजे वस्त्र अंगाला बसतच नाही. वर कापडाचे थर साचून जाडी होऊ नये म्हणून निऱ्यांच्या आतील जादा भाग अनेक कारागीर कापून काढतात. मग कापडाची ओढ सांभाळण्यासाठी आत पट्टी आणि ताठ अस्तर टाक्यांनी बसवितात. हे सारे काम झाकलेले असते. हाताने शिवलेल्या किल्टला सामान्यतः १५ ते २५ तास लागतात, त्याचा हिशोब या आतल्या बाजूस आहे. आतली पट्टी नसलेल्या किल्टमध्ये पट्ट्यांचा ताण थेट निऱ्यांच्या शिवणीवर येतो आणि काही काळाने पाठीमागचा भाग सैलावतो. नीट बांधलेला किल्ट मात्र बकले हलवून, प्रसंगी उसवून दुसऱ्याच्या मापाला करता येतो व वडिलांकडून मुलाकडे जातो.

एखाद्या लग्नात एकदाच नेसायचा असेल, त्याने भाड्याने घ्यावा. विकत घेण्याचे त्यास कारण नाही. परंतु ज्याला वर्षानुवर्षे नेसायचा आहे, वादकपथकात उभे राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने स्वस्त किल्ट दर थोड्या वर्षांनी पुन्हा घ्यावा लागणारा, म्हणून महाग पडतो.

यात आणखी एक बाजू आहे आणि लेखिकेस ती अधिक महत्त्वाची वाटते. किल्ट शिवणारे हात बहुतांशी स्त्रियांचे राहिले आहेत. घरी बसून, नगावर मजुरी घेऊन त्यांनी हे काम केले. पलटणींची नावे, सेनापतींची चित्रे, राजाचे देयक हे सर्व दप्तरांत आहे. शिवणारणींची नावे क्वचितच आढळतात. टार्टनच्या नोंदीसाठी स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा केला व २००९ मध्ये अधिकृत नोंदवही सुरू झाली. नमुन्याची अशा रीतीने सरकारी नोंद होऊ लागली. शिलाईचे तसे काही झाले नाही. सियालकोटसारख्या शहरांतून बॅगपाइपबरोबर हायलँड पोशाखाचेही स्वस्त सामान जगभर जाते; तेथील कारागिरास दोष देण्याचे कारण नाही, त्याच्या वाट्यालाही नगावरची मजुरीच येते. ब्रिटनमधील हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने २०२१ मध्ये किल्ट शिवण्याच्या कलेचा समावेश धोक्यात आलेल्या हस्तकलांच्या यादीत केला. २८ निऱ्यांची ती निमुळती शिवण नव्या शिकाऊ मुलीच्या बोटांत बसेपर्यंत तिला कोणीतरी पगार द्यावा लागतो, आणि तो पगार किल्टच्या किमतीतूनच येतो.