वळिवड्याची उतारशाळा

जखमी वाटसरूस आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेणाऱ्या शोमरोनी माणसाची कथा आम्ही सर्वांनी बालपणापासून ऐकली आहे. त्याची थोरवी प्रवचनांतून गायिली जाते, आणि ते योग्यच होय. परंतु दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन तो आपल्या वाटेने निघून गेला. त्यानंतर त्या जखमीचे पाणी, अंथरूण व पथ्य कोणी पाहिले? उतारशाळेच्या मालकाने. त्यास पैसे मिळाले होते म्हणूनच की काय, त्याची आठवण कोणी काढीत नाही. आपल्या महाराष्ट्रात अशी एक उतारशाळा सुमारे पाच वर्षे चालली होती. तिची हकिकत धर्मग्रामाच्या या महोत्सवी पुस्तिकेत नमूद व्हावी, असे आम्हांस वाटते.

सन १९३९ च्या सप्टेंबरात पोलंड देशावर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून रशियाने घाला घातला. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडातील लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलुखांत हद्दपार करण्यात आली. थंडी, उपासमार व रोगराई यांनी घरेच्या घरे बसली. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा कोठे त्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला; आणि जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो बायका व मुले १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्याच साली नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो मुलांस आसरा दिला. त्यांतील पहिली तुकडी तेथील निवास तयार होईपर्यंत वांद्र्यास राहिली होती, हे आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नसेल.

१९४३ साली कोल्हापूर संस्थानात, शहरापासून काही मैलांवर वळिवडे येथे याहून मोठी वसाहत उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका व मुलेच. ही सारी मंडळी प्रायः कॅथॉलिक. बराकींच्या रांगा, देऊळ, शाळा, नाटकगृह, बालवीरांची पथके असे एक लहानसे पोलंडच तेथे नांदू लागले. ज्या मुलांस आईबाप उरले नव्हते त्यांच्यासाठी अनाथाश्रम होता. आपले मूल वाटेत पुरून आलेल्या बाईने दुसऱ्याच्या मुलाचे केस विंचरावेत, हे तेथे नवलाचे नसणार.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या वसाहतीचा खर्च लंडनमध्ये आश्रयास असलेल्या पोलिश सरकारने सोसला. कोल्हापूरकरांनी धर्मशाळा घातली नव्हती. दूध, भाजी, फळे विकली, मजुरी केली, आणि त्यांचे दाम घेतले. मग यात परोपकार तो कोणता, असे कोणी विचारील. पण काळ कसा होता ते ध्यानी घ्यावे. १९४३ हेच बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेही याच वर्षी. अशा दिवसांत पाच हजार परकी तोंडे दाराशी आली, तर ती डोळ्यांत खुपणे अगदी साहजिक होते. त्यांची भाषा इकडे कोणास कळेना, त्यांस मराठी कळेना. अशा वेळी दाम घेताना विकणाऱ्याचा चेहरा कसा होता, यावरच सारे अवलंबून असते; आणि चेहऱ्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

तथापि पुरावा नाही असे नव्हे. तीच मुले पुढे इंग्लंड, पोलंड व इतर देशांत विखुरली, म्हातारी झाली, आणि तरी कोल्हापूरला परत परत येत राहिली. २०१९ साली वळिवड्यास स्मृतिसमारंभ झाला, तेव्हाही त्यांच्यातील काही वयोवृद्ध मंडळी आली होती. विकत घेतलेल्या दुधासाठी कोणी सत्तर वर्षांनी समुद्र ओलांडून येत नाही.

या हकिकतीत आम्हांस बोचणारा एक काटाही आहे, तो लपवू नये. गोऱ्या परदेशी मुलाकडे पाहून हसणे सोपे असते. त्याच काळी आपल्याच गावाच्या वेशीबाहेरील माणसास पाणी वरून ओतले जाई. आजही पाहुण्याशी गोड बोलून घरातल्या म्हाताऱ्या आईवर खेकसणारे लोक आपणांत आहेत. आम्ही स्वतःस त्यांतून वगळीत नाही.

सन १९४८ मध्ये वसाहत बंद झाली. पण बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित तेथे वसले, आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. आज ते कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पोलिशांच्या जागी सिंधी आले, पुन्हा परकी बोली, पुन्हा भाजीचे भाव हाताच्या बोटांवर.

जी पोलिश माणसे येथेच वारली त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आहेत. शहरातील महावीर उद्यानात निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आणि तिकडे पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, एक स्मारक उभे आहे. सन २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. त्या स्मारकास लोक कोल्हापूरचे स्मारक म्हणतात.