चढावं तेवढं उतरता यावं

कडा चढणाऱ्याचं कौतुक होतं; उतरणाऱ्याकडे कोण पाहतं? खरं तर उतरणंच अवघड. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना आपलंच अंग आड येतं आणि पाय खाली चाचपडत राहतो. म्हणून बहुतेक गिर्यारोहक दोर अडकवून खाली सरकतात.

पाउल प्रॉइस या ऑस्ट्रियन तरुणाला हे पटत नव्हतं. १९११ साली त्याने लेख लिहून मांडलं, की जिथून हातापायांनी उतरता येणार नाही तिथे चढूच नये. दोर आणि लोखंडी खिळे फक्त संकटापुरते. त्याच वर्षी जुलैत डोलोमाइट्समधल्या कांपानिले बासो सुळक्याची पूर्व भिंत तो दोराविना, एकटा चढला. टिटा पियाझ या नामवंत वाटाड्याने त्याच्या मताला विरोध केला.

३ ऑक्टोबर १९१३ रोजी मांडल्कोगेलवर एकट्यानेच चढताना प्रॉइस कोसळला. वय अवघं २७. नियम त्याला वाचवू शकला नाही. तरीही चढलेली वाट उतरून पाहण्याचा सराव मोलाचा आहे. दोर अडकला, पुढची वाट खुंटली, तर माघारी आणतात ते हेच सरावलेले पाय.